रद्दुमाडि

सात तारखेला एकशे एकोणीस रुपये जातात.
न विचारता.
मेसेज येतो तेव्हा मी बहुतेक काजं करत असतो,
तोंडात दोरा, चष्मा कपाळावर,
आणि फोन थरथरत इस्त्रीच्या टेबलावरून
पार कडेपर्यंत चालत जातो.

एकशे एकोणीस म्हणजे
दोन पँटींचं अल्टर आणि एक चेन.
असा हिशेब मांडू नये. मांडला.

भाचा भरमू पुण्याला जायच्या आदल्या रात्री
हे लावून देऊन गेला.
म्हणाला, मामा, जांबोटीच्या पुढं रेंज मरते,
डाउनलोड करून ठेव, रान संपेस्तोवर वाजत राहील.
वाजतं, खोटं कशाला बोलू.
दर बुधवारी कणकुंबीच्या शाळेचे गणवेश मागं बांधून
मी गाडी काढतो
एका कानात गाणं,
दुसरा कान गव्यांसाठी मोकळा.

पण यंदा गाळ्याचं भाडं वाढलं,
आणि बसस्टँडसमोर रेडीमेडवाल्यानं
एकाचे दोन गाळे केले.
तेव्हा ठरवलं, पहिलं हे बंद.

दुपारी शटर अर्धं ओढून सेटिंगमध्ये शिरलो.
फोन कन्नडात आहे, मीच ठेवलाय तसा.
बिलं, बँक, जमिनीचा उतारा, सगळं त्याच अक्षरात येतं,
म्हटलं, रोज थोडं डोळ्यांखालून जाऊ दे.
बोट ठेवून वाचतो, पहिलीतल्या पोरासारखा.
र... द्दु... मा... डि.
माडि म्हणजे करा, हे इथल्या कोंबडीलाही ठाऊक.
पण अलीकडचं?
च्यायला, हा तर आपलाच.
एक उकार सोडला तर
बंद करायचा शब्द दोन्हीकडं एकच निघाला.
एवढ्या पाट्या रंगवल्या, पुसल्या, पुन्हा रंगवल्या,
हा कुणाच्या नजरेत आला नाही वाटतं.

दाबलं.
तर म्हणे, दोनशे चौदा गाणी या फोनवरून जातील.
खाली यादी.
वाचत गेलो आणि निम्म्यावर थांबलो.
ही माझी नव्हेत.

ईरव्वा अकराला येते, हुक लावायला, तुरपाईला.
तासभर माझं ऐकून घेते,
मग मान वर न करता म्हणते,
अण्णा, नंदू हच्रि.
की तिचं लागतं.
कंपनीला वाटत असणार, हा एकच माणूस आहे,
खानापुरात राहतो, कधी झोपतो कळत नाही,
बारा वाजले की भाषा बदलतो.
'तुमच्यासाठी' म्हणून जी गाणी पाठवतात
ती त्या तिसऱ्यासाठी. मला त्यातली थोडी आवडायला लागलीत.

ही गाणी भाड्याची आहेत, हे तिला कधी सांगितलं नव्हतं.
कॅसेटच्या वेळी खिसा रिकामा झाला तरी
गाणं खणात पडून राहायचं.

सांगितलं.
तिनं दातानं दोरा तोडला.
मग बुधवारी कानात काय घालणार, कापूस?
आणि पुन्हा हुकाकडं बघत,
अर्धं माझ्या पगारात धरा.

मला राग आला. तिचा नाही.
फोन विचारत होता, का सोडताय?
महाग आहे, गाणी आवडत नाहीत, दुसरीकडं जाताय, इतर.
'इतर' वर बोट धरून बसलो,
इतक्यात पाटलांचा पोरगा कमरेचं माप द्यायला आला
आणि स्क्रीन काळी झाली.

रात्री वहीत लिहिलं: ईरव्वा, एकोणसाठ रुपये पन्नास.
बराच वेळ बघितलं त्याच्याकडं.
आडवी रेघ मारली,
बाजूला लिहिलं, रद्द.

सातव्या तारखेला फोन थरथरला, चालायला लागला.
पडायच्या आत ईरव्वानं पकडला.
म्हणाली, खाली याच्या एखादं चिंधूक घाला की वो,
एवढं कापड कापताय दिवसभर.