पितळी गुंडी

तिच्या पेटीला पाच गुंड्या, ओढायच्या.
डावीकडून दुसरी नाही.
तिथं तांबडा दोरा बांधलाय, गाठ मारून,
आणि गाणं सुरू करायच्या आधी ती तो दोरा ओढते
झोपलेल्या पोराच्या मुठीतनं पदर सोडवावा तसा.

उद्यमनगरात लेथवर जॉब लागला की
मोबाइल टूलबॉक्सवर उभा करतो, कूलंटपासून लांब.
पोरं म्हणतात, सदबा मिस्त्री,
सकाळी सकाळी हे रडकं काय लावता?

काय सांगू?
की वडील गेले तेव्हा मी हिशेब मांडत होतो.
पंचगंगेवर शेणी फुकट मिळतात, तरी मांडत होतो,
हार, मडकं, रिक्षा.
डोळे कोरडे ठाक.
मावशी म्हणाली, दगड हाय ह्यो.
मग तीन वर्षांनी शिरोली नाक्यावर
टेम्पोत कास्टिंग भरून उभा असताना
टपरीवरच्या कुणाच्या तरी मोबाइलमधून
केतकी हुपरीकर म्हणाली

      उंबऱ्यावर कुणी बसलंय, त्याला आत घ्या,
      नाव नंतर विचारा

आणि मागचे हॉर्न वाजवत राहिले.

लिहिते तीच, चाल लावते तीच.
आवाज काही गोड नाही.
वर गेला की त्याला चरा पडतो,
पितळेवर कानस फिरल्यासारखा,
मला तो चराच पाहिजे असतो.
पुण्यात म्हणे तिच्या बोलण्याला हसतात,
बाई असून 'मी आलो, मी गातो' म्हणते.
आमच्या घरातल्या सगळ्या बायका
अशाच येतात आणि जातात.

ती कोल्हापूरला येणार कळलं
त्या रात्री चकात पितळेचा बार धरला.
माप पडद्यावरून घेतलं, पट्टी लावून;
तिच्या अंगठ्याचं नख बारा मिलिमीटर धरलं,
बाकी अंदाजानं.
पाच बिघडल्या. सहावी जमली.
खिशात घामानं काळी पडली, परत घासली.

कार्यक्रमाचं विचारू नका.
मी तिथं होतो.

मागच्या दाराशी थांबलो.
ती आली, चप्पल हातात, टाच सोललेली.
समोर मीच, म्हणून मलाच विचारलं,
'दादा, गंगावेशीत अजून म्हशी येतात काय हो?
गळा सुकलाय माझा.'
येतात म्हणालो.
माझ्या स्प्लेंडरच्या मागं तिची गाडी,
चौकाचौकात मी वळून बघत होतो
मागं आहे ना.

कट्ट्यावर शेवटची म्हैस उभी होती.
पेल्यात धार, वर दोन बोटं फेस.
उभ्यानं प्याली, डोळे मिटून.
ओठावर पांढरी मिशी, पुसली नाही.
मला तिची एकसष्ट गाणी तोंडपाठ
आणि माझा स्वतःचा एक शब्द निघेना.
खिशात गुंडी गरम.

ती म्हणाली, 'आई आणायची इथं.
पैंजण पेढीवर देऊन झाले की
दोघीत एक पेला.'
मी म्हणालो, 'अजून एक घ्या.'
घेतला.
पैशावरून जरा ओढाताण झाली, तेवढ्यात
म्हशीचा पाय तिच्या ड्रायव्हरच्या बुटावर पडला
आणि सगळेच हसले.
मग गाडी गेली.

परवा नवीन व्हिडिओ आला.
दोरा आहे. आता निळा.

गुंडी मी देवघराखालच्या ड्रॉवरला बसवली.
बायको म्हणते, बाकीच्या स्टीलच्या, ही एकच पितळी कशाला?
ओढली की वाती, लाइटबिलं, काड्यापेटी
आणि तळाशी माझ्या अक्षरातला तो कागद.
हार, मडकं, रिक्षा.
बेरीज करायची राहून गेलीय.