पाणवठा क्रमांक चार

वैशाखी पुनवेला मचाणावर आम्ही दोघं :
मी, आणि कारंब्याचा म्हाळाप्पा कोळपे.
एक थर्मास, एक दुर्बीण,
आणि साहेबांनी दिलेला फॉर्म,
ज्याचा पहिलाच रकाना माळढोकाचा.

माझा आजा फासे विणायचा.
घोड्याच्या शेपटीचे केस, बाभळीच्या खुंट्या.
तितराची हाक त्याच्या गळ्यातून निघायची
आणि माळावरचा तितर तिला ओ द्यायचा.
मला त्यानं शिकवलं ते एवढंच :
गवत कुठल्या अंगाला झोपलंय ते बघ.
त्याच विद्येची आता मला हजेरी मिळते,
दोन-दोन महिने थकून.

म्हाळाप्पा तारेकडं बघत बोलतो,
"हितं माझ्या बापाची मेंढरं बसायची.
लेंडीवर पवन्या गुडघाभर यायचा.
अंडं एकच, उघड्या मातीवर.
पर मेंढीचा पाय कधी पडला न्हाई.
मग तुमच्या खात्यानं झाडं लावली."
'तुमच्या' म्हणताना तो माझा खाकी शर्ट बघतो.
मी गप्प.
त्यातले चाळीस खड्डे माझ्या हातचे.

साडेनऊला काळवीट. लिहिलं, अकरा.
खोकड, एक.
मग बराच वेळ नुसतं चांदणं
आणि नान्नजच्या रस्त्यावरचा ट्रक.

दीडच्या सुमाराला लांडगीण आली,
मागं दोन पिल्लं.
पाण्यावर तीन जिभांचा आवाज.
म्हाळाप्पाचा हात काठीवर गेला.
माघात तिनंच त्याचं कोकरू नेलेलं,
पंचनाम्याचा कागद अजून सोलापुरात फिरतोय.
हात थोडा वेळ काठीवरच राहिला.
मग मांडीवर आला.
"लिव्ह," तो म्हणाला, "तीन."

उजाडताना जीप आली.
साहेबांनी फॉर्म उलटा-सुलटा पाहिला.
शेऱ्यात मी लिहिलं होतं :
मेंढरं चार महिने आत सोडून बघावीत,
असं म्हाळाप्पाचं म्हणणं, आणि माझं.
त्यावर ते काही बोलले नाहीत.
पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं,
"हे कोरं का? शून्य टाक."

मी म्हटलं, साहेब, राहू द्या.
आजाच्या फाशात कधी कधी
आठ-आठ दिवस काही यायचं नाही.
फासे आम्ही उचलायचो नाही.
फक्त सकाळी जाऊन
केसांवरचं दव झटकून यायचो.