पंखा

लॅमिंग्टन रोडला, दोन चार्जरवाल्यांच्या मध्ये
मुर्तझाचं दुकान, न्हाणीघराएवढं.
'ऐकता काय, आंटी?' त्यानं विचारलं,
चष्मेवाला विचारतो तसं, जवळचं की लांबचं.

काय ऐकते मी?
एकतीस वर्षं कोर्टात लघुलेखक होते.
साक्षी, उलटतपासण्या, पुढच्या तारखा,
कान लावले ते पोटासाठी.
खोकला लिहायचा नसतो, हुंदका लिहायचा नसतो,
उत्तराआधी माणूस खिडकीकडे बघत थांबतो
ते तर नाहीच नाही.
निवृत्तीच्या पैशातून एक वस्तू कानांसाठी घ्यायची
एवढं ठरवून आले होते.
आवड ठरवायची राहून गेली होती.

पहिला काळा, जाड, खुशीत असलेला.
माझ्या फोनमध्ये एकच बैठक:
खोताच्या वाडीत, विजयकरांच्या माडीवरची,
मारवा, कॅसेटवरून उतरवून घेतलेला.
डग्गा असा फुगला की मलाच ढेकर येईल,
आणि गाणाऱ्या बाई
मागच्या खोलीत तांदूळ निवडत बसल्यासारख्या.
'बेस आहे,' मुर्तझा म्हणाला. 'पोरं हाच नेतात.'

दुसऱ्यात उजेड फार.
प्रत्येक स, प्रत्येक श
करलीच्या काट्यासारखा,
घास गिळताना जीभ सावध.

तिसरा महाग. त्यानं बटण दाबलं
आणि रस्ता गेला.
हॉर्न, ड्रिल, समोरचा 'एलईडी पन्नास, एलईडी पन्नास',
बँकेतल्या लॉकरच्या खोलीचं दार लागावं
तसं सगळं बाहेर राहिलं.
मारवा होता, धुऊन इस्त्री केलेला.
माडी नव्हती.
मला माझंच रक्त ऐकू यायला लागलं.
काढून ठेवला.

मग मीच बोट दाखवलं: तो, वरचा, खोका फाटलेला.
'वो? अरे आंटी, तो पाठीमागून उघडा.
आतलं बाहेर जातं, बाहेरचं आत येतं.
दोन वर्षं कोणी मागितला नाय.'

कानांवर घेतला.
स्पंजला बंद छत्रीचा वास.

तानपुरा.
अजून लागलेला नाही, जोडीतली एक तार किंचित उतरलेली,
कुणीतरी खुंटी पिळतंय.
बांगड्या.
बशीत कप ठेवल्याचा आवाज.
बाई घसा साफ करतात, आणि तो घसा
माझ्यापासून दोन हातांवर.
मग दबक्या आवाजात कुणीतरी:
'पंखा बंद कर गं.'

इतकी वर्षं तिथे नुसती खरखर होती.
बटणाजवळ मी बसले होते.

खट्.
पाती हळूहळू मोकळी होत जातात,
एक, मग एक,
आणि घरघर काही थांबत नाही.
मी वर बघितलं. मुर्तझाचा पंखा,
जाळीवर काजळी, जोरात फिरणारा.
कुठला माडीवरचा, कुठला दुकानातला,
काही केल्या वेगळं करता येईना.

'आवाज बरोबर नाय ना?' त्यानं विचारलं.
मी हात वर केला,
साहेब साक्षीदाराला थांबवायचे तसा.
कोमल रिषभ यायचा होता अजून.

पाच हजार सहाशे.
घासाघीस करायची विसरले.
वॉरंटी नाही म्हणाला, खोका फाटलेला ना.