कवठाचं टोपडं

ट्यूब बदलायला गेलो होतो, एवढंच.
हिवरीनगरचं समाजभवन, गुरुवार, दुपारचे तीन.
मी स्टुलावर, दातांत टेस्टर,
खाली सतरंजीवर नऊ बायका
आणि अठरा सुया.
वरून नुसते भांग दिसत होते, आणि बोटं.
उजेड आला तेव्हा कुंदाताई पौनीकर म्हणाल्या,
"आता दिसला माहा सुटलेला टाका.
बसा न भाऊ, चहा येऊनच राहिला."

मी कुलरच्या मोटारी भरतो.
मार्च ते जून मान वर करायला सवड नाही.
जळकी तार काढायची, नवी भरायची,
मनात मोजायचं, दोनशे दहा, दोनशे अकरा,
बायकोनं हाक मारली की पुन्हा एकपासून.
पण डिसेंबरात मला कोण विचारतो?
कुलर गच्चीवर ताडपत्री पांघरून झोपतात,
माझे हात घरभर रिकामे हिंडतात.
म्हणून बसलो.

शमीम आपांचं शिकवणं असं:
एक टाका घालून दाखवायचा
आणि लगेच दुसरीकडे बघायचं,
म्हणजे आपल्याला निवांत चुकता येतं.

टोपडी मेडिकलला जायची,
दिवस भरायच्या आधी आलेल्या लेकरांसाठी.
माप विचारलं तर सिस्टर शेंडेंनी मूठ वळून दाखवली,
मग ती थोडी सैल केली.
आता मुठीला टेप कसा लावायचा?
पुढच्या गुरुवारी लाजवंती आंटींनी
(जरीपटक्याहून येतात, दोन बस बदलून)
पिशवीतून एक कवठ काढून सतरंजीवर ठेवलं.
"इतना ही होता है," म्हणाल्या.
"मेरा वाला इतना ही था."
मग तो मोठा झाला का,
कुणी विचारलं नाही.
त्या दिवशी सुयांचा आवाज जरा कमी होता.

कवठ हातोहात फिरायचं.
कुणी त्याला दोन डोळे काढले, बॉलपेननं,
एक जरा वर, एक जरा खाली.
माझं पहिलं टोपडं त्याला घातलं
तर ते हनुवटीसकट गडप झालं.
"हे तं तुमच्याच मापाचं झालं," कुंदाताई म्हणाल्या,
आणि सगळ्या इतक्या हसल्या
की बाहेरचा वॉचमन डोकावून गेला.
उसवलं. लोकर हिरवी, कुणाच्या शाळेच्या स्वेटरची,
आधीच एकदा उसवलेली.
ती सरळ होत नाही, जुनी वळणं धरून बसते.
तांब्याची तारही अशीच असते,
हे मी सांगितलं, तर आपा पहिल्यांदा
माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हो का?"

महाशिवरात्रीपर्यंत त्रेपन्न झाली.
कवठ पिकलं, भवनभर वास सुटला.
उपासाला गुळातली चटणी करू, असं निघालं,
कुंदाताईंनी बत्तासुद्धा आणला,
आणि मग तो तसाच घरी परत नेला.
थंडी संपली. सुया डब्यात गेल्या.
कवठाचं काय करायचं, यावर कुणी बोलेना,
म्हणून मी ते पिशवीत टाकलं.

आता मे. पारा सेहेचाळीसवर.
परवा वाठोड्याच्या एका घरात
मी भरलेली मोटार उलटी फिरली,
हवा घरात यायची ती बाहेर पळाली.
चूक माझीच. तार भरता भरता
दोन सुलट, दोन उलट सुरू झालं होतं.
घरमालक तापला. मी फुकट जोडून दिली,
हसू आवरत.

दुकानात मीटरच्या पाटीवर ते बसलेलं असतं,
हिरवं टोपडं, एक डोळा वर, एक खाली.
वाळलंय. हलवलं की
आत खुळखुळ्यासारखं वाजतं.
गिऱ्हाईक घाम पुसत विचारतं,
"हे काय ठेवलंय, इतक्या उन्हात टोपडं घालून?"
मी तार मोजत असतो,
मध्येच थांबता येत नाही.
दोनशे अकरा झाले की सांगतो,
माप आहे.