मागची बाजू

मार्केट यार्डाच्या फाटकासमोर माझं मेडिकल.
शटर वर केलं की आधी हळदीची धूळ आत येते,
मग गिऱ्हाईक.
फडकं कितीही मारा, पिवळी साय धरतेच
कॅल्शियमच्या डब्यांवर, लोहाच्या बाटल्यांवर,
फुगलेल्या दंडांचं चित्र असलेल्या त्या काळ्या बरणीवरही.

काल दुपारी बिराप्पा हमाल आला.
लग्नातली हळद चार दिवसांत उतरते,
त्याची वीस वर्षांत उतरली नाही,
बोटांच्या चिरांत मुरून बसली आहे.
"गुडघं लई ठणकत्यात, ताई.
पोरानं मोबाइलवर दावली ती गोळी द्या."
मी डबी दिली. साठ गोळ्या, साडेसातशे रुपये.
त्यानं ती उलटसुलट केली, म्हणाला, "काय हाय ह्यात?"
पुढच्या बाजूला पळणारा म्हातारा, डोंगर, ऊन.
मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत:
हळदीचा अर्क.

तो गप्प झाला.
आधी डबीकडे पाहिलं, मग बोटांकडे,
मग असा हसला, की काट्यावरचा माणूसही वळला.
"म्हंजे आमीच व्हायची, आन आमालाच..."
वाक्य तिथंच टेकवलं, अर्ध्या वाटेत पोतं टेकवावं तसं.

मी म्हटलं, वरणातली हळद वेगळी, अर्क वेगळा.
आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?
"हाय की. गेल्या साली छातीत कळ आलती तवापास्नं."
डबी मी फळीवर परत ठेवली.
आधी डॉक्टरांना विचार.
साडेसातशे रुपये परत फिरले,
माझ्या गल्ल्याला ते कळलं.

कुसनाळे बाईंचं उलट.
त्यांच्या हातात रिपोर्ट, तीन घड्या घातलेला.
बस्तीत अनवाणी उभ्या राहिल्या
की फरशी कापसाची वाटते म्हणाल्या.
बी बारा इतकं खाली, की डाळ-भाकरीनं वर येणार नाही.
त्यांना गोळी हवीच.
पण त्यांचा प्रश्न: "वरचं कवच कशाचं आहे हो?"
नऊ डब्या उलट्या केल्या आम्ही दोघींनी,
चष्मा एकच, आळीपाळीनं लावून.
दहावीवर मिळालं ते.
त्या नऊ डब्यांचं तोंड मी अजून सरळ केलेलं नाही.

आणि प्रणोती.
पहाटे यार्डाच्या भिंतीकडेनं पळते, पोलीस भरतीसाठी.
काळ्या बरणीचा भाव तिसऱ्यांदा विचारला.
मी विचारलं, सकाळी काय खातेस?
"चहा, खारी."
बरणीच्या पैशात किती अंडी, किती शेंगदाणे,
किती फुटाणे, मी पाकिटावरच हिशेब मांडला.
हिशेब बरोबर होता.
ती म्हणाली, "काकू, फुटाणं खाल्लं तर कुणाला दिसत न्हाई.
बरणी घरात दिसली
की बाबांना पटंल, मी खरंच पळतीया."

ह्यावर माझ्याकडं काही नव्हतं.
ना फळीवर, ना डिप्लोमाच्या चार वह्यांत.
सील बघ, एवढंच म्हटलं,
परवाना क्रमांक बघ, तारीख बघ,
सुट्टी पावडर कुणी दिली तर घेऊ नकोस.
आणि खारी सोड, बाई.

रात्री गल्ला मोजताना खणातली पट्टी काढते.
आठवड्याला एक, डॉक्टरांनी लिहिलेली.
बारा महिने ऊन ओतणाऱ्या ह्या गावात
मी सावलीत उभी राहून उन्हाची गोळी विकते,
आणि खाते.

आज सकाळी एकजण बिराप्पाचीच डबी मागायला आला.
डबीवर अंगठ्याचा पिवळा ठसा तसाच,
रेघा मोजता येतील इतका नीट.
त्यानं पुढची बाजू पाहिली, तो म्हातारा, तो डोंगर,
नि नखानं ठसा खरवडत म्हणाला,
"ही हाताळलेली दिसते.
दुसरी नाही का?"