रविवारचा एजंट

सोमवार ते शनिवार मी उद्यमबागेत
ओतकामाचे तुकडे तपासतो.
हातोडीनं हलकेच ठोकायचं,
आवाज बोदा आला की आत पोकळी.
लाल खडूची फुली, बाजूला ठेवायचं.
रविवारी हेच मी भिंतींना करतो.

अनगोळात माझ्या दोन खोल्या आहेत.
एक पीएफ मोडून, दुसरी विजयमालाच्या पाटल्यांवर.
भाड्यातून हप्ता जातो,
उरतं ते पाण्याच्या मोटारीला लागतं.
तिसरी शोधताना कळलं,
चांगलं घर आपल्या कानावर येईपर्यंत
कुणाच्या तरी मेहुण्याचं झालेलं असतं,
आणि दर नव्या भाडेकरूमागे
महिन्याचं भाडं दलालाच्या खिशात.
म्हटलं, तो खिसा आपलाच का नको?

त्या वर्षीचा बोनस फीमध्ये गेला.
फॉर्म कन्नडमध्ये. पन्नाशीला आलो तरी
र आणि ठ मध्ये माझा गोंधळ होतो,
पोटात टिंब असलं की ठ, नसलं की र,
आणि झेरॉक्सवर टिंबं कुठूनही येतात.
मुलगी शाळेत शिकते, तिनं वाचून दाखवलं.
"पप्पा, धंदा काय लिहू?"
तपासनीस, म्हणालो. मग जरा थांबून, एजंट.
तिनं दोन्ही लिहिलं, मध्ये स्वल्पविराम.

प्रमाणपत्रावर मुतगेकरचा मुतगीकर झाला.
दुरुस्तीला वेगळा अर्ज. तोवर मुतगीकर.

पहिलं घर मिळालं वडगावात,
निंगव्वा ढवळीचं, विणकराचं.
माग कधीच विकलेला,
पाय सोडून बसायचा खड्डा तेवढा जमिनीत राहिलेला,
त्यात आता कांदे आणि लसूण.
भिंती ठोकल्या. खणखणीत.
मी उभ्या उभ्या तीन खोल्या पाडल्या,
तीन मीटर बसवले, भाड्यांची बेरीज केली,
खड्डा बुजवलासुद्धा,
कांद्यांसकट.

"किती येतील रे?" तिनं विचारलं.

तोंडात एक आकडा तयार होता.
कमी होता. फार नाही, दोन सूत.
कारखान्यात दोन सुतांवर
अख्खी गाडी परत येते.

"आज्जी, आधीच सांगूलालोय,
हे घर मलाच पाहिजे."

ती कांदा निवडत राहिली.
"घेणार तूच. भाव सांगणार पण तूच.
मग माझ्याकडनं कोण बोलूलालाय?"

याचं उत्तर फॉर्मच्या कुठल्याच रकान्यात नव्हतं.
मी तिला शहापूरच्या दस्तगीरचा नंबर दिला,
तो वीस वर्षं ह्याच धंद्यात, पूर्णवेळ.
त्यानं मला फोन करून विचारलं,
"खुळा काय तू?"
मग त्यानं खरा आकडा लावला.
माझ्या आवाक्याबाहेरचा.
घर एका दातांच्या डॉक्टरनं घेतलं.
मला दस्तगीरनं चहा पाजला,
बिस्किटाचे पैसे मी दिले.

विजयमाला दोन दिवस पाटल्यांबद्दल काही बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी बोलली.

महिन्याभरानं निंगव्वाचा फोन.
पोराकडं करमेना, वेगळी खोली बघ म्हणाली,
खरं अगदी शांत नको, झोप लागत नाही.
अनगोळची एक रिकामीच होती.
रात्री कारखान्यांचा ठोका ऐकू येतो, म्हणालो.
मग बरं, म्हणाली.

करारावर मालक म्हणून माझी सही,
एजंटच्या रकान्यात आडवी रेघ.
किल्ली घ्यायच्या आधी ती खोलीत फिरली,
बोटाच्या पेरानं भिंत वाजवत.
हे तिला कुणी शिकवलं, विचारायचं राहिलं.
मोरीच्या कोपऱ्यात थांबली.
परत वाजवलं.
"हितं बोदं वाजूलालंय बघ."

मी कान लावला.
रविवार होता, तरी खडू खिशातच होता.
माझ्याच भिंतीवर, माझ्या हातानं,
फुली मारली.