उकंडा कोतवालाची गोठ

एकतीस वर्सं डफडं वाजवलं म्यां या गावात.
पारापाशी एकदा, चावडीसमोर एकदा,
तिसऱ्यांदा खालच्या हिरीवर.
"आयका हो आयका" म्हनाचं,
कागदावर असन तेवढंच बोलाचं,
वरचा एक शबद नाई.

बाकीचं पोटात.
ढोक्याची पोरगी कोन्या रात्री दिग्रसच्या यष्टीत बसली,
कोनासंगं बसली,
म्यांच तं चढवून देल्ली तिची पेटी.
तिच्या बापानं माह्ये पाय धरले
तरी पोट नाई फुटलं माह्यं.
थे आता तीन लेकरायची माय हाय,
दिवाळीले येते,
मले पाहून पदर सारखा करते. बस.

समन्स असलं तं टोपीत घडी करून नेवो.
रस्त्यानं कोनी इचारलं तं म्हनो,
"काई नाई, पिकपाह्यनीचं हाय."

मंग नातवानं, सुगतनं, फोन देल्ला.
"बुढ्या, अथी आंगठा दाब."
"काय लेयलं हाय बाप्पा?"
"काई नाई, सारेच दाबतात."
लांबच लांब कागद होता थो,
अक्षरं म्हनसान तं मुंग्यायची रांग.
म्यां दाबला.

आन हाच उकंडा चावडीत लोकायले म्हने,
"पह्यले कोनाकडून वाचून घे, मंग शाई लाव."
आंगठा देऊन झाला का मानसं थो डोक्याले पुसत,
केसात जिरून जाये निळं.
फोनले तं शाईच नाई.
पुसू काय, आन कुठी?

यंदा माघात पंचफुलाच्या छातीत गाठ लागली.
बोराएवढी, म्हने, हात लावून पाहा.
दिवा बंद करून पाह्यली.
"कोनाले सांगू नोका. सुगतचे बारावीचे पेपर होऊ द्या."

नाई सांगतलं कोनाले.
गोठ्यात गेलो,
म्हशीच्या मांगं उभा राह्यलो,
आन फोनच्या तोंडाले तोंड लावून
हळूच, जसं एकट्याले समन्स वाचून दाखवो, तसं इचारलं:
"बाईच्या छातीत गाठ. दुखत नाई. काय असते?"

थो बम बोलला. मले अर्धं समजलं.
म्हशीनं कान हालवले, थे गप राह्यली.

सकाळी कुस्ती पाहाले बसलो तं
दोन पैलवानायच्या मंधात
नागपूरचा दवाखाना हासून राह्यला.
भीमगीताच्या मंधात केसायचा टोप.
ट्रॅक्टरच्या मंधात विम्यावाली बाई,
"आपल्या माणसांची काळजी आहे ना?"
अरे, म्यां तुले इचारलं होतं.
सांगतलं नोतं.

तिसऱ्या दिवशी सुनेनं फोन घेतला,
पापडाचं काही पाहाचं होतं तिले.
पाह्यता पाह्यता थांबली.
"मामाजी, हे काऊन येते तुमच्या फोनवर?"
आन मंग माह्याकडं नाई,
चुलीपाशी बसलेल्या पंचफुलाकडं पाह्यलं तिनं.

डफडं नाई, चावडी नाई,
माह्याच घरात, मले न इचारता, दवंडी झाली.
वाजवून गेला त्याचं गाव कोन्तं, कोनी पाह्यलं?
त्याले पगार कोन देते?
मले साठ रुपये महिना होता.
तोंड बंद ठेवाचे वेगळे नोते भेटत.

पंचफुला सुनेवर चिडली नाई.
म्हने, बरं झालं एका हिशोबानं.
मंग म्हने, नाई, बरं नाई झालं.
म्यां सांगनार होतो थे. माह्या तोंडानं.

काल रात्री फोन ज्वारीच्या कनगीत टाकला,
वरून पायली पालथी घातली.
सेवाग्रामले कोन्या गाडीनं जाचं,
कोनाले संगं न्याचं,
आन दुसरं काहीबाही,
पंचफुला लय बोलली. मंधात एकदा हासली बी.
तेवढ्यात कनगीच्या तट्ट्यातून उजेड झाला,
दोघंबी चूप.
इझला तसा तिनं आवाज उतरवला,
आन पुढं बोलली.

काय बोलली, थे इचारू नोका.
कागदावर नाई थे.